नाकाने पास केलेला माल

११ ऑगस्ट

आज पुन्हा स्टार्चच्या टाकीपाशी उभा राहिलो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण हात काही विसरले नाहीत. कॉस्टिक सोड्याची धार किती सैल सोडायची, ढवळणं कधी मंद करायचं, सगळं आपोआप जमलं. सुनेने, म्हणजे चारुताने, बोईसरला गाळा भाड्याने घेतला तेव्हा मी सांगितलं होतं, मी नुसता खुर्चीत बसून बघीन. ती खुर्ची आज नवसीच्या डब्याला उपयोगी पडली. नवसी ही गाळ्यातली कामाची बाई, विक्रमगडकडची, भाताची लावणी उरकून आलेली.

चारुताचा उद्योग असा. मक्याच्या स्टार्चचे ट्रे करायचे, मासे ठेवायला, थर्माकोलच्या जागी. वापरून उकिरड्यात टाकले की थोड्या दिवसांत माती. कल्पना चांगली, पण स्टार्चला पाण्याची भारी ओढ. बर्फ वितळून खाली पाणी साचलं की ट्रेची पेज होते. ती ओढ मोडायची तर स्टार्चला अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड हे रसायन पाजावं लागतं, धीराने, थेंबाथेंबाने. हेच काम मी तारापूर एमआयडीसीत उभा जन्म केलं, कापडाच्या खळीसाठी. चारुताचं शिक्षण प्लास्टिकचं, त्यामुळे ट्रे दाबणं तिचं आणि स्टार्च माझं, अशी वाटणी झाली.

मुंबईची चांगली नोकरी सोडून ती यात पडली आहे. तिचा नवरा, आमचा भावेश, मस्कतला. त्याचा काल फोन आला होता. म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत सातपाटीच्या मासेवाल्या बायकांनी ट्रे घ्यायचं ठरवलं नाही, तर ती गाळा सोडून देणार आहे. तुम्ही जरा लक्ष घाला." म्हणजे फिरून फिरून भार माझ्यावरच. असू दे. रिकामा बसून वाडीतले नारळ मोजण्यापेक्षा बरं.

१६ ऑगस्ट

स्टार्चचा पहिला घाणा निघाला. प्रक्रिया झाली की स्टार्चमध्ये व्हिनेगरसारखा आंबटपणा उरतो, तो पाण्याने धुवून काढायचा. पुरेसा धुतला गेला का, हे बघायची माझी रीत एकच. गाळलेल्या ओल्या स्टार्चचा मूठभर गोळा घ्यायचा आणि नाकाशी धरायचा. आंबट आला तर परत धुवा, नाही आला तर पास. कंपनीत साहेब लोक लॅबच्या रिपोर्टसाठी ताटकळत बसायचे आणि रिपोर्ट आल्यावर त्यांना कळायचं की हा चुरी मघाशीच बरोबर बोलला होता. बिहारी कामगार मला 'नाकवाले चाचा' म्हणायचे.

आज दुसऱ्या धुण्यालाच गोळा स्वच्छ. माझं मलाच कौतुक वाटलं. चारुताने ब्युरेट लावून, म्हणजे काचेच्या नळीतून कॉस्टिक थेंबथेंब सोडून, आम्ल मोजलं आणि म्हणाली, "बाबा, आम्ल जरा जास्त दिसतंय."

म्हटलं, "तुझं कॉस्टिक जुनं असेल."

"असेल," म्हणाली. गुणाची पोर आहे, वाद घालत नाही. माल पास केला.

२३ ऑगस्ट

बायकोच्या, मंगलाच्या, हाताची चव गेली आहे. आज कोलंबीचं कालवण होतं. तिखट होतं, खारट होतं, पण कोलंबीचा पत्ता नाही. बोललो तर म्हणाली, "तुम्हाला सर्दी झालीय का?" मला सर्दी नाही, पडसं नाही, खोकला नाही. साठी उलटली की बायकांचं स्वयंपाकातलं लक्ष उडतं, एवढंच. तसं मी बोललोही. मग जेवणभर भांडी आपटत होती.

एक मात्र चांगलं झालं. बोईसरची हवा सुधारली. पूर्वी नाक्यावर उतरलं की कुठल्या कंपनीत आज काय चाललंय ते डोळे मिटून सांगता यायचं. हल्ली काही म्हणजे काही वास नाही. सरकारने कधी नव्हे ते काम केलेलं दिसतं. नवसीला हे सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून हसली. या लोकांना चांगलं झालेलं पटत नाही.

२९ ऑगस्ट

काल दीड दिवसाचा गणपती पोचवला. यंदाचा धूप अगदीच भेसळीचा निघाला. तीनदा घातला तरी वास नाही, म्हणून चौथ्यांदा मूठभर घातला. शेजारचा बळवंत आरतीला आला होता, तो खोकत बाहेर गेला. त्याला दमा असावा.

९ सप्टेंबर

आज सातपाटीला गेलो. तिथल्या मासे विकणाऱ्या बायकांची सोसायटी आहे, काशीबाई त्यांची पुढारी. पालघरच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली, गिऱ्हाईकही ठरलेलं. तिने आमच्या ट्रेत बर्फ ओतला, वर पाणी ओतलं आणि गप्पा मारत बसली. बराच वेळ झाला तरी ट्रे ताठ. मग तळाशी बोट दाबून बघितलं.

"ईरघलत नाय," म्हणाली.

एवढंच. पण चारुताचा चेहरा असा फुलला की मीच दुसरीकडे बघितलं. काशीबाई उद्या-परवा बाजारात आमचे ट्रे लावणार आहे. तिला पसंत पडले तर बाकीच्या बायका घेणार. परत येताना चारुता गाडीत म्हणाली, "बाबा, तुम्ही नसतात तर हे झालं नसतं." मी नुसतं हं केलं.

१२ सप्टेंबर

फार वाईट दिवस.

दुपारी काशीबाई रिक्षा करून थेट गाळ्यावर आली. हातात ट्रे. आल्या आल्या विचारलं, "ह्या माल कोनी पास केला?"

म्हटलं, मी.

तिने ट्रे माझ्या नाकाशी धरला. "हुंग."

हुंगला.

"काय येतो?"

"काही नाही. स्टार्चला वास नसतो."

तिने ट्रे परत ओढून घेतला. मग म्हणाली, "त्या दिवशी सुक्या म्हावऱ्याच्या वासात मला समजलं नाय. माझी पापलेटं पहाटची होती. बाया कल्ला उचलून हुंगतात, तर वर हा आंबूस वास. आंबलेली समजून सगल्या पुडं गेल्या. माझी कायमची गिऱ्हाईकं, मला इचारतात, काशीबाई, तू पन आता शिलं इकतेस काय? आनि तू माझ्या तोंडावर खोटं बोलतोस?"

अरे-तुरेचं काही नाही, तिकडच्या बायका कलेक्टरलाही अरे-तुरे करतील. पण खोटारडा म्हणाली ते लागलं. मी म्हटलं, बर्फ तपासा, टोपली तपासा, पापलेट कालचं असेल. ते शेवटचं बोलायला नको होतं. काशीबाईने ट्रे टेबलावर ठेवला, आपटलासुद्धा नाही, आणि गेली. चारुता तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेली होती. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

१५ सप्टेंबर

चारुताने आज दोन गोळे समोर ठेवले. "बाबा, एवढं सांगता का, यातला कुठला जास्त धुतलाय?"

हुंगले. दोन्ही स्वच्छच होते. डावा जरा पांढरा दिसला म्हणून डावा सांगितला. ती "बरं" म्हणाली आणि तिने नवसीकडे बघितलं. नवसी बाहेर रस्त्याकडे बघत होती. उत्तर बरोबरच आलं असणार, नाहीतर चारुता बोलली असती.

२४ सप्टेंबर

सकाळी गाळ्यात गेलं की पाण्याची टाकी निम्मी. काल भरून ठेवली होती, परवाही. आज नवसीला चांगलं झापलं, की एमआयडीसीचं पाणी काय आभाळातून पडतं का. ती म्हणाली, "ताईंना इचारा, काका." चारुताला विचारलं तर म्हणे फरशी धुतली. रोज फरशी धुणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय. फरशीवर तर डाग तसेच आहेत.

माझे घाणे मात्र एकाहून एक चांगले निघताहेत. सगळे दुसऱ्या धुण्याला पास. चारुता नवे ट्रे घेऊन एकटीच सातपाटीला जाऊन आली. मला म्हणाली, "तुम्ही कशाला दगदग करता."

६ ऑक्टोबर

तीनच्या सुमाराला गाळ्यातून निघालो, स्टेशनपर्यंत गेलो आणि चष्मा विसरल्याचं लक्षात आलं. परत फिरलो. शटर अर्ध्यावर ओढलेलं. वाकून आत शिरलो तर चारुता आणि नवसी, दोघी गुडघ्यापर्यंत कपडे वर खोचून, मी पास केलेला माल पुन्हा पाण्यात कालवून धुवत होत्या.

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

चारुता ताडकन उभी राहिली. "बाबा, थोडं राहिलं होतं."

"मी पास केला होता तो माल."

"हो."

"किती दिवस हे करताय?"

नवसी हळूच मागच्या दाराने बाहेर गेली.

"माझं चुकत होतं तर तेव्हाच तोंडावर सांगायचं. चोरून काय धुता? मी काय परका आहे?"

ती खाली मान घालून म्हणाली, "परके असतात तर सांगितलं असतं, बाबा."

मला काय ते ऐकायची शुद्ध नव्हती. म्हटलं, मग आता तुमचं तुम्हीच करा. चष्मा न घेताच निघालो.

१३ ऑक्टोबर

घरी आहे. चारुता रोज सकाळी निघताना दारात घुटमळते, मी पेपर वाचतो. चष्मा तिने आणून ठेवला आहे, तो मी घातला नाही, त्यामुळे पेपर नुसता धरून बसतो. मंगला म्हणाली, "नाकाने कांदे सोलणं पुरे झालं. सून पाया पडायची वाट बघताय का?" मला कोणी पाया पडायला नको आहे. ज्या माणसाने जन्मभर एक घाणा चुकीचा पास केला नाही, त्याच्यामागे त्याचा माल परत धुतात, हे मला सहन होत नाही.

मुळात काशीबाईने खोटारडा म्हटलं तिथून हे सुरू झालं. तिलाच जाऊन जाब विचारायला हवा.

१६ ऑक्टोबर

सकाळी चालतच सातपाटीला गेलो. आमच्या शिरगावपासून ते काय लांब. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत होतो.

काशीबाई बाजाराला गेली होती. मी तिच्या दारासमोरच्या खळ्याशी उभा राहिलो. खळ्यावर सगळीकडे जवळा वाळत घातलेला, पलीकडे बांबूंवर बोंबील. एक रिक्षा थांबली, त्यातून एक जोडपं उतरलं, कुठून तरी शिरगावचा किल्ला बघायला आलेलं. त्या मुलीने उतरताक्षणी ओढणी नाकाला लावली. मुलगा म्हणाला, "बाप रे, काय वास आहे." आणि दोघं परत रिक्षात बसली.

मला आधी हसू आलं. ओला जवळा उन्हात पडला की नवख्या माणसाला तिथे उभं राहवत नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी तिथे केव्हाचा उभा आहे.

खाली वाकलो. मूठभर जवळा उचलला आणि स्टार्चचा गोळा धरतो तसा नाकाशी धरला. काही नाही. खोल श्वास घेतला. काही नाही. दुसरी मूठ घेतली.

राखणीला बसलेली म्हातारी ओरडली, "काय रे, घ्यायचा तर घे, हुंगत काय बसलास?"

जवळा खाली ठेवला. काशीबाईची वाट न बघता घरी आलो.

१७ ऑक्टोबर

शंका ठेवून चालत नाही. मंगलाला बसवलं, माझ्या डोळ्यांवर पंचा बांधायला लावला आणि सांगितलं, घरातलं काहीही एकेक करून नाकाशी धर, मध्येच एखादी नुसत्या पाण्याची वाटीही धर, आणि मी काय सांगतो ते ऐक. तिला आधी गंमत वाटली. मग तिचं हसणं थांबलं ते ऐकू आलं.

हिंग, सुंठ, सुका जवळा, तिची मोगऱ्याची अत्तराची बाटली, फिनेल, पाणी. मी सगळ्यांना पाणी म्हटलं. फिनेल जरा झोंबलं, पण झोंबणं म्हणजे वास नव्हे.

"केव्हापासून?" मंगलाने विचारलं.

"मला काय माहीत."

"मला गणपतीपासून शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. सर्दी झाली का विचारलं, तर माझ्या स्वयंपाकावर घसरलात."

मला रडू आलं. मंगला पंचा सोडत होती तेव्हा तो ओला होता. म्हणजे काशीबाई खरी होती, ब्युरेट खरं होतं, आणि मी सगळ्यांना खोटं पाडत बसलो होतो. तिची पहाटेची पापलेटं मी आंबवली. आणि आता चारुताच्या गाळ्यात माझं काम तरी काय उरलं? पोत्यांवर लक्ष ठेवायचं?

२२ ऑक्टोबर

काल पालघरच्या डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं. कंपनीतल्या वाफांनी असेल, मध्ये करोना झाला होता त्यानेही असेल, म्हणाले. परत येईल याची खात्री देता येत नाही.

आज पाडवा. चारुता ओवाळणीच्या गडबडीतून वेळ काढून माझ्याजवळ येऊन बसली. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, मंगलानेही नाही. म्हणाली, "सोसायटीच्या बायका पुन्हा एकदा ट्रे बघायला तयार आहेत. शेवटचं. मी त्यांना सांगितलंय की धुण्याचा पंप बिघडला होता, म्हणून तो वास राहिला. तुम्ही बरोबर या, बाबा. तुम्ही आला नाहीत तर त्यांना वाटेल माणूस तोंड चुकवतोय. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

तेव्हा कळलं की तिला सगळं माहीत आहे, त्या दोन गोळ्यांपासून माहीत आहे. मी "बरं" म्हटलं. पंपाची सबब मला फार आवडली, हे लिहून ठेवतो. पंपाला लाज नसते.

२७ ऑक्टोबर

सोसायटीच्या खोलीत वीसेक बायका खाली बसलेल्या. आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या. काशीबाईने चारुताला विचारलं, "पंप झाला नीट?"

"हो."

"बरा झाला." मग ती उठली, ट्रे ओला केला आणि माझ्यासमोर धरला. "त्या दिवशी तू हुंगून काय नाय बोललास. आज हुंगून सांग. तुज्या तोंडून आयकायचा हाय."

चारुता म्हणाली, "काशीबाई, त्यांना कशाला..."

"त्यालाच. पास त्यानं केलता."

मी ट्रे हातात घेतला. सवयीने नाकाशी गेलाही. 'काही नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. ट्रे चारुताने नीट धुतलेल्या मालाचा होता, उत्तर बरोबरच आलं असतं. पण मी ते सांगितलं असतं तर त्या बाईला दुसऱ्यांदा फसवलं असतं. आणि खरं सांगितलं तर चारुताचा गाळा जातो की काय, अशी भीतीही वाटली.

म्हटलं, "मला वास येत नाही. कशाचाच नाही. त्या दिवशीही येत नव्हता, पण ते मला माहीत नव्हतं. पंप कधी बिघडलाच नव्हता. सुनेने मोजून दाखवलं होतं, मी ऐकलं नाही. तुझी पापलेटं माझ्यामुळे परत गेली."

चारुताने डोळे मिटून घेतले होते. मागून एका बाईने विचारलं, "जवल्याचा पन नाय येत?"

"नाही."

"मंग सुखी हायस बाबा," ती म्हणाली आणि दोघी-तिघी हसल्या. मलाही हसावंसं वाटलं, पण काशीबाई हसत नव्हती.

तिने माझ्या हातातून ट्रे घेतला, त्यात बर्फ घातला, पाणी सुटेपर्यंत थांबली, मग स्वतः हुंगला आणि शेजारणीकडे दिला. ट्रे हातोहात सगळ्या खोलीतून फिरला. प्रत्येक बाई नाक लावून बघत होती. कोणी दोनदा बघितलं. शेवटच्या बाईने मान हलवली.

काशीबाई चारुताला म्हणाली, "घेऊ आमी. पन माल हा पास करनार नाय. तसा कबूल कर."

चारुता माझ्याकडे बघत बसली. तिच्या तोंडून शब्द निघेना. निघणार नाही हे मला आता कळतं. म्हणून मीच म्हटलं, "कबूल."

निघताना काशीबाईने दारात मला अडवलं. वाटलं, काहीतरी चार शब्द बरे बोलेल. म्हणाली, "माझी तीन गिऱ्हाईकं अजून आली नाय." आणि आत गेली.

३० ऑक्टोबर

दोन दिवस घरीच होतो. आज सकाळी चारुताने गाडी दारात उभी करून हॉर्न वाजवला. मी बाहेर आलो नाही. परत वाजवला. मंगलाने डबा हातात दिला आणि म्हणाली, "जा, गाव गोळा होईल."

गाळ्यात घाणा लावला. प्रक्रिया छान झाली, ते माझ्याइतकं अजून कोणाला येत नाही. दोनदा धुतला. मूठभर गोळा घेतला, हात वर आला, मध्येच थांबवला आणि चारुतापुढे केला.

तिने हुंगला. मग ब्युरेट लावून मोजलं. मला वाटलं, आता म्हणेल, 'जरासं आहे, बाबा,' आणि मी गेल्यावर शटर ओढून घेईल. नवसी पोतं शिवायचं सोडून बघत होती.

चारुता म्हणाली, "नाही, बाबा. पास नाही."

लग्न होऊन घरात आल्यापासून तिने मला तोंडावर नाही म्हटल्याचं आठवत नाही. मला राग आला, खोटं कशाला लिहू, चांगलाच आला. मग नळ सोडला आणि माल परत धुवायला घेतला. तिसऱ्या धुण्यालाही ती नाहीच म्हणाली.